शेवटचा हात

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत नवऱ्याने जाहीर करून टाकलं की शनिवारी मशीन परत जाणार. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने कप खाली ठेवला, तिच्याकडे वळून बघितलं आणि अगदी मायेने म्हणाला, "शेवटी काय, तुझ्या हाताची सर त्याला नाही." धाकट्या जावेने लगेच मान डोलावली. मग दोघंही तिच्या तोंडाकडे बघत राहिली. लहान मुलाच्या हातावर गोळी ठेवावी आणि ते कधी हसतंय याची वाट बघावी, तशी. आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची तीच दचकली. कौतुक ऐकून माणसाला राग यावा? बरं, राग तरी साधासुधा नाही, समोरची बशी उचलून भिंतीवर फोडावी असा. कानाच्या पाळ्या गरम झाल्या, चहाची चव लागेना. नवरा बिचारा चांगलंच बोलला होता. वाईट बोलला असता तर तिने त्याला दोन शब्दांत गप्प केलं असतं, तेवढी ती तयारीची होती. चांगल्या बोलण्याला काय उत्तर द्यायचं, हे मात्र इतक्या वर्षांत तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती नुसती उठली, कप विसळला आणि जिना उतरून खाली गेली.

खाली म्हणजे कारखान्यात. कारखाना हा शब्द नवऱ्याचा. घराखालच्या दोन खोल्या होत्या, मधली भिंत पाडून एक केलेल्या, एवढाच तो कारखाना. इमारतींमध्ये लिफ्टच्या दारावर मजल्यांचे लाल आकडे उजळतात ना, त्या आकड्यांच्या मागे तळहाताएवढी एक हिरवी पट्टी असते, आणि तिच्यावर बारीक बारीक पार्ट बसवलेले असतात. त्या पट्ट्या इथे तयार व्हायच्या. लिफ्टमध्ये शिरलं की सगळी माणसं आकड्यांकडे बघत उभी राहतात, कारण एकमेकांकडे बघायचं नसतं. ती मात्र आकड्यांच्या मागे बघायची. कुठल्याही परक्या इमारतीत, डॉक्टरकडे जाताना, कुणाला भेटायला जाताना, तिच्या मनात यायचं की ह्या काचेमागे आपली वाकलेली मान आहे, आपले चुरचुरणारे डोळे आहेत, आणि ही सगळी माणसं निवांतपणे चौथ्या मजल्याची वाट बघतायत. पूर्वी तिला त्याचा अभिमान वाटायचा. अलीकडे वाटेनासा झाला होता. मान डावीकडे वळेना झाल्यापासून असेल, किंवा त्याआधीपासूनही. कुठल्या दिवशी अभिमान संपला आणि कंटाळा सुरू झाला, हे काही तिला नेमकं सांगता आलं नसतं.

खोलीच्या मधोमध मशीन उभं होतं. जेवणाच्या टेबलाएवढं, वर काचेचं झाकण, दोन्ही बाजूंना पार्टांची रिळं ओळीने लावलेली. आत एक हात. हात म्हणायचं म्हणून म्हणायचं, चार बारीक नळ्या एका दांडीवर. त्या रिळावरून पार्ट हवेने ओढून घ्यायच्या, खालच्या कॅमेऱ्याला दाखवायच्या, आणि पट्टीवर नेमक्या जागी टेकवून पुन्हा पळायच्या. तिने ते पहिल्यांदा बघितलं होतं ते एका प्रदर्शनात. नवरा दुसऱ्या स्टॉलवर गप्पा मारत होता आणि ती त्या काचेपुढे खिळून उभी होती. बघता बघता तिच्या खांद्यांतलं काहीतरी सैल झालं होतं, भरलेली पिशवी कुणीतरी न मागता हातातून काढून घ्यावी तसं. तेव्हापासून तिने नवऱ्याच्या मागे भुणभुण लावली. वर्ष गेलं असेल त्यात. शेवटी तो कसाबसा राजी झाला, तोही अटीवर: आधी ट्रायल, पसंत पडलं तर ठेवू, नाहीतर मशीनवाला येऊन घेऊन जाईल. तो शनिवारी येणार होता. आणि ट्रायलचा निकाल आज चहाबरोबर लागला होता.

चिमटा तिच्या हातात पहिल्यांदा ठेवला तो सासऱ्यांनी. ते रेडिओ दुरुस्त करायचे. शेवटी शेवटी हात कापायला लागला होता. नवी सून येऊन महिनाही झाला नसेल. सांडलेली मोहरी ती एकेक करून वेचत होती, ते बघून त्यांनी तिला खाली बोलावलं आणि म्हणाले, हे धर, हा एवढा ठिपका त्या दोन रेघांवर ठेवून दाखव. तिने श्वास रोखला आणि ठेवला. सासरे बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग त्यांनी वर जिन्याकडे तोंड करून सगळ्या घराला ऐकू जाईल असं सांगितलं की पोरीचा हात सोन्याचा आहे. झालं. त्या दिवसापासून तिचा हात तिचा राहिला नाही. नवऱ्याने तो गिऱ्हाइकांना दाखवायला सुरुवात केली. माणसं यायची, तिच्या मागे अर्धगोल करून उभी राहायची, आणि नवरा हळू आवाजात, देवळात बोलतात तसं, सांगायचा, बघा, तिळाहून बारीक आहे, चष्मा नाही, काही नाही. ती श्वास रोखायची. पार्ट टेकला की मागून सगळ्यांचा श्वास सुटायचा आणि मग तिचा. हातवाल्या वहिनी म्हणायला लागले तिला बाजारात. तिचं खरं नाव काय, हे कुणी विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. कधी पातेलं उतरवताना चटका बसला तर नवरा धावत यायचा, थंड पाण्याखाली बोटं धरायचा, आणि त्याचा चेहरा इतका काळजीचा असायचा की तिला भरून यायचं. पुढे पुढे तिच्या लक्षात आलं, ताप आला तर तो एवढा धावत नाही.

अन्याय करू नये माणसावर. तो वाईट नव्हता. मध्यंतरी त्यानेच हौसेने एक छोटं मशीन आणलं होतं, स्वस्तातलं, टेबलावर मावेल असं. ते पार्ट उचलायचं आणि खोलीभर उधळायचं. धाकटी जाऊ आठवडाभर झाडू घेऊन फिरत होती. सगळे हसले, ते खेळणं प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात गेलं, आणि हाताची कीर्ती दुप्पट झाली. नवरा ती गोष्ट रंगवून रंगवून सांगायचा: मशीन आणलं होतं हो, पण आमच्या हिच्यापुढे तोंडघशी पडलं. ती समोर बसून हसायची. हसताना मान दुखायची. त्या खेळण्यानंतर खरं मशीन आणायला लावायचं म्हणजे काय, ते तिचं तिला ठाऊक.

आणि खरं सांगायचं तर राग फक्त नवऱ्याचा नव्हता. आईचा होता. आई एका शिंप्याकडे काजं करायची. सदऱ्याची काजं, हाताने, इतकी नीट की शिंपी गिऱ्हाइकाला सदरा दाखवायच्या आधी काज दाखवायचा. ती शाळेतून दुकानात जायची तेव्हा आई कोपऱ्यात खाली मान घालून बसलेली असायची आणि काऊंटरपाशी कुणीतरी म्हणत असायचं, वा, काय हात आहे. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते ती आजही विसरली नव्हती. एवढीशी स्तुती, आणि आई तिच्यावर दिवसच्या दिवस काढायची. मग दुकानात काजाचं मशीन आलं. आई घरी आली, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, त्या काजाला जीव नसतो. पुढे मरेपर्यंत घरी कुणी पाहुणा आला की आई त्याच्या छातीजवळ वाकायची, शर्टाचं काज दोन बोटांत धरून बघायची आणि नाक मुरडायची. पाहुणे अवघडायचे. सगळ्यांना वाटायचं मशीनने बाईचं काम खाल्लं. तिलाही तेव्हा तसंच वाटायचं. पण मोठी झाल्यावर एक दिवस भाजी चिरता चिरता तिच्या डोक्यात आलं की त्या मशीनवर शिंप्याने आपल्या पुतण्याला बसवलं होतं. त्याला काज म्हणजे काय हेही नीट माहीत नव्हतं. आईला कुणी विचारलंच नाही, बसतेस का. आणि आईनेही विचारलं नाही. विचारावं हे तिच्या मनातही आलं नसणार. ज्याच्या हाताचं एवढं कौतुक, त्याने हाताबाहेर काही मागायचं नसतं. सुरी खाली ठेवून ती त्या दिवशी कितीतरी वेळ नुसती उभी राहिली होती.

म्हणून मशीन दारात उतरलं तेव्हाच तिने खुर्ची कुठे ठेवायची ते बघून ठेवलं होतं. मशीनवाला चालवून दाखवत होता, ती त्याच्या खांद्यामागून एकेक बटण मनात टिपत होती. तो जीव तोडून समजावत होता की आता सुईने पार्ट चिकटवायच्या पेस्टचे जाड ठिपके द्यायचे नाहीत, जाळीतून पातळ थर द्यायचा. मशीन त्यावर पार्ट टेकवेल, एखादा केसभर तिरका दिसेलही, पण त्याला शिवायचं नाही. भट्टीत पेस्टमधलं सोल्डर, म्हणजे डाख, वितळलं की पार्ट आपोआप ओढला जाऊन सरळ बसतो. तिने मान हलवली होती. आणि तेवढ्यात नवरा मागून म्हणाला होता, चालवायला एखादा डिप्लोमावाला ठेवू, आणि शेवटचा हात हिचाच. मशीनवाला कसंनुसं हसला. पण ट्रायलच्या काळात डिप्लोमावाला कुठून येणार, म्हणून तूर्त तीच खुर्चीवर बसली, आणि तिने मनाशी म्हटलं, बघू आता कोण उठवतं ते.

उठवायला कुणाची गरजच पडली नाही. पट्ट्या बिघडायला लागल्या. भट्टीतून बाहेर आल्या की दिसायला लखलखीत, पण तपासायला लावल्या की आकडाच उमटेना. आठाचा आकडा लावून बघायची पद्धत होती, कारण आठात सगळ्या रेघा पेटतात. इथे आठाऐवजी कधी तीन, कधी नुसती मधली आडवी रेघ. भिंगाखाली बघितलं तर चिपच्या दोन पायांमध्ये सोल्डरचा बारीक पूल, शॉर्ट झालेला. पुन्हा लावा, पुन्हा तेच. ती मशीनचे आकडे तपासून थकली. जाळी धुतली, पेस्टचा डबा बदलला, डोळ्यांत तेल घालून एकेक पार्ट पडताना बघितला. पार्ट बरोबर पडत होते. आणि तरी पट्ट्या मेलेल्या. नवरा रोज येऊन बिघडलेल्या पट्ट्या हातात घ्यायचा, चुकचुकायचा. पण त्या चुकचुकण्यात एक सुटल्यासारखा आनंद होता. तो तिला दिसायचा. चिमटा त्याने टाकू दिला नव्हता. रोज सकाळी तिच्या जुन्या टेबलावर तो पुसून ठेवलेला असायचा.

तर आज चहा टाकून ती खाली आली ती ह्या रागात. कॉम्प्रेसर लावला, तो मागच्या मोरीत घरघरायला लागला. जावेने पेस्ट लावून ठेवलेली पट्टी मशीनमध्ये सरकवली. नळ्या पळायला लागल्या. काचेवर तिचा श्वास उमटत होता आणि विरत होता. तिला वाटलं, ह्या चार नळ्यांना कुणी सोन्याच्या म्हणत नाही, कुणी त्यांच्या मागे अर्धगोल करून उभं राहत नाही, किती सुखाचं आहे. मशीन थांबलं. ट्रे उचलून तिने भिंगाखाली धरला. सगळं जिथल्या तिथे. एक चिप जरा तिरपी, ती भट्टीत सरळ होणार. ट्रे घेऊन ती भट्टीकडे निघाली. वाटेत तिचं जुनं टेबल होतं. आणि मध्येच तिला गुदमरल्यासारखं झालं, छातीत काहीतरी दाटून आल्यासारखं. हे काय? तिने श्वास रोखला होता. का रोखला? श्वास ती फक्त पार्ट ठेवताना रोखत असे, आणि आता ठेवायला तर काहीच नव्हतं. तिने खाली बघितलं. ट्रे टेबलावर होता. ती स्वतः टेबलापाशी उभी होती, कमरेत वाकून. उजव्या हातात चिमटा होता, आणि चिमट्याचं टोक त्या तिरप्या चिपला सरळ करून नुकतंच मागे येत होतं.

ती तशीच राहिली. बोटांना कळलं होतं, तिला कळलं नव्हतं. आपल्याच घरात परकं माणूस वावरताना दिसावं तसा तिच्या अंगावर काटा आला. आठवडाभर हा हात तिला न विचारता, न सांगता, ह्या टेबलापाशी येऊन आपलं काम करून जात होता. जुन्या पेस्टचे ठिपके जाड होते, त्यात पार्ट ढकलला की रुतून बसायचा. हा थर पातळ. त्यावरचा पार्ट ढकलला की पेस्ट फरफटत शेजारच्या पायाला जाऊन चिकटते. पूल होतो. शॉर्ट. मशीनवाल्याने घसा कोरडा करून तेच सांगितलं होतं आणि तिने मान हलवली होती. मान हलली, हात कुठे ऐकणार? हाताला इतकी वर्षं फक्त शाबासकीच ऐकायची सवय. तिला हसू आलं, आणि मग रडू आलं, आणि दोन्ही आवरून तिने जावेला हाक मारली. जाऊ जाळी पुसत होती. तिने विचारलं, मी रोज असा चिमटा लावते का गं? जाऊ म्हणाली, हो, लावता की, प्रत्येक ट्रेला. मग सांगितलं का नाहीस? जावेने अगदी सरळ तोंडाने उत्तर दिलं, "ताई, तुम्ही हात लावताना कोण बोलणार? मला वाटलं, तुम्ही लावताय म्हणजे लावायचाच असणार."

त्या दिवशी तिने चिमटा ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर बंद केला आणि ट्रे नेताना डावा हात उजव्याच्या मनगटावर ठेवला. जुन्या टेबलावरून जाताना उजवा हात खरंच ओढ घ्यायचा. पण संध्याकाळपर्यंत निघालेल्या सगळ्या पट्ट्यांवर आठ पेटले, लालभडक, एकही रेघ कमी नाही. तिला वाटलं, संपलं. आता कुणाला काही सांगायचीही गरज नाही. मशीन राहील, खुर्ची राहील, झाकली मूठ तशीच राहील. नवरा आला, त्याने एकेक पट्टी लावून बघितली, डोळे मोठे झाले त्याचे. आणि मग तो तिच्याकडे वळला, तसाच मायेने, आणि म्हणाला, "बघ! आज जीव लावून शेवटचा हात मारलास ना? म्हणून."

तिने कपाळाला हात लावला. मग तिने सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही हातचं न राखता. नवरा ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत होतं, आजारी माणसाची बडबड ऐकताना येतं तसं. तू दमली आहेस, तो म्हणाला. तुझा हात चुकेल आणि मशीन बरोबर असेल? आजच्या पट्ट्या कुणामुळे निघाल्या मग? मी हात लावला नाही म्हणून निघाल्या, ती म्हणाली. तो म्हणाला, बरं बरं. शनिवारी त्याने लिफ्टवाल्या साहेबांनाही बोलावून ठेवलं होतं, कारखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मशीन दारातून बाहेर जाताना साहेबांनी डोळ्यांनी बघावं आणि हात तेवढा इथेच आहे हे त्यांना दिसावं, म्हणून. ते सांगताना तो इतका खुशीत होता की तिला त्याची दयाच आली. दया आली, आणि तिच्या मनाने त्याच क्षणी काहीतरी पक्कं केलं. इतकी वर्षं गप्प बसून कमावलेलं नाव आता आपणच बुडवायचं, चारचौघांत, आणि तेही हसतमुखाने. भीती वाटत होतीच. नाव बुडालं की आपण कोण उरतो, हा प्रश्न तिच्या मानेवर बसून राहिला. पण आईच्या चेहऱ्यावरचं ते एवढंसं सुख तिला आठवलं आणि तिने दात आवळले. तसलं सुख तिला नको होतं.

शनिवारी मशीनवाला पॅकिंगचे पट्टे खांद्यावर टाकून आला. त्याचा चेहरा उतरलेला होता. लिफ्टवाले साहेब जरा उशिरा आले, चकचकीत बुटांनी जिन्याखालची धूळ चुकवत. नवऱ्याने तिचं जुनं टेबल पुसून, दिवा लावून, ड्रॉवरमधला चिमटा शोधून काढून पांढऱ्या फडक्यावर मांडला होता. या, आधी हात बघा, मग मशीनला निरोप देऊ, असं तो म्हणाला, आणि सगळे टेबलाभोवती गोळा झाले. ती तिथे बसली नाही. ती मशीनकडे गेली, जावेकडून पेस्ट लावलेल्या पट्ट्यांच्या दोन ओळींचा ट्रे घेतला, आत सरकवला आणि बटण दाबलं. नवऱ्याने घसा खाकरला. नळ्या पळाल्या. ट्रे बाहेर काढून तिने त्या पांढऱ्या फडक्यावर ठेवला आणि सांगितलं की ह्या ओळीला मी हात लावणार आहे, रोज लावत होते तसा. ह्या दुसऱ्या ओळीला लावणार नाही. मग ती वाकली. चिमटा उचलला. हात लगेच खूश झाला. किती दिवसांनी त्याला कुणी बोलावलं होतं. एकेक पार्टाला तिने हलकेच टोक लावलं, आणि मागे सगळ्यांचा श्वास थांबला, नेहमीसारखाच. "वा," साहेब पुटपुटले. काम इतकं सुरेख होत होतं की तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. वाईट करतानाही तो हात सुंदर होता, हे तिने मान्य केलं. मान्य केलं आणि चिमटा खाली ठेवला.

भट्टीतून ट्रे बाहेर येईपर्यंत पुरुषमंडळी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिली. मशीनवाल्याला काय चाललंय ते कळलं होतं बहुतेक, तो तिच्याकडे बघतही नव्हता. पट्ट्या निवल्यावर तिने आधी न शिवलेली ओळ लावली. आठ. आठ. सगळे आठ, लालबुंद. मग हात लावलेली ओळ. पहिलीवर तीन उमटला. दुसरीवर नुसती आडवी रेघ. तिसरी काळीच राहिली. नवऱ्याचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. तो म्हणाला, होतं एखाद्या वेळेस असं.

"एखाद्या वेळेस नाही," ती म्हणाली, "आठवडाभर हेच होत होतं. मशीन बरोबर आहे. माझा हात चुकतोय."

साहेब अवघडून हसले. त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि तिच्याकडे वळून म्हणाले, काय वहिनी, एवढं कशाला मनाला लावून घेता. आम्हाला आपल्या जुन्या पद्धतीच्याच पट्ट्या द्या, तुमच्या हाताच्या, मशीन गेलं खड्ड्यात. नवऱ्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत असा काही दिलासा आला की क्षणभर तिचा धीर खचला. एक हो म्हटलं की सगळं जागच्या जागी. टेबल, दिवा, फडकं, अर्धगोल. हे गिऱ्हाईक गेलं तर घरात काय होईल हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

"त्या आता मिळणार नाहीत," ती म्हणाली.

"मिळणार नाहीत म्हणजे?"

"म्हणजे मी लावणार नाही. हात माझा आहे, विकायला ठेवलेला नाही."

हे तोंडातून निघाल्यावर ती जरा घाबरली, मग तिला वाटलं, निघालं ते बरंच झालं. साहेबांनी बुटांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, विचार करून कळवतो म्हणाले आणि नवऱ्याशी हात मिळवून निघून गेले. मशीनवाला पट्टे हातात घेऊन उभाच होता. बांधू की नको, असं त्याने विचारलं, आणि सवयीने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. उत्तर तिनेच दिलं. पट्टे गाडीत ठेवून या म्हणाली, आणि पुढचं सगळं शिकवायचं ते मला शिकवा, डिप्लोमावाला कुणी येणार नाहीये. मशीनवाल्याने तरीही नवऱ्याकडे बघितलं. नवरा भिंतीकडे बघत होता. मग मशीनवाला हळूच बाहेर गेला, आणि येताना त्याचे हात रिकामे होते.

जाऊ पुढची पट्टी घेऊन आली. तिच्याही नजरेत काहीतरी बदललं होतं. ती आज पहिल्यांदाच कोपरापाशी खेटून उभी राहिली, कुठलं बटण कशाला ते विचारायला. जावेला ती एकेक बटण सांगत होती आणि मागे नवरा येरझाऱ्या घालत होता. बऱ्याच वेळाने तो जवळ आला. आवाज बसलेला होता त्याचा. ते परत आलेच नाहीत तर, असं त्याने विचारलं. तर दुसरे शोधा, ती म्हणाली. आजवर माझा हात दाखवून शोधलेत, आता हे दाखवा. तो चिडला होता का, घाबरला होता, तिला कळेना, बहुतेक दोन्ही. तिचं तरी दुसरं काय होतं? पण खुर्चीवरून ती उठली नाही. मशीन थांबलं, तिने झाकण वर केलं, ट्रे बाहेर काढला. नवरा तिच्या खांद्यावरून वाकला. काहीतरी चांगलं बोलावं असं त्याला वाटत असावं आणि शब्द सापडत नसावेत. तेवढ्यात त्याला ती चिप दिसली, केसभर तिरकी. त्याचं बोट आपोआप पुढे आलं, सरळ करायला.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली.

आवाज इतका चढला की जाऊ दचकली आणि दारातला मशीनवालाही थबकला. नवऱ्याने बोट मागे घेतलं. ते कुठे ठेवावं हे न सुचल्यासारखा तो हात तसाच धरून उभा राहिला, आणि ती ट्रे घेऊन भट्टीकडे गेली.